मागचे पाय लुळे पडलेल्या गिनी पिगाची शुश्रूषा

गाई-म्हशी, कोंबड्या आणि डुकरे ह्यांची देखभाल आपल्या खेड्यांतील कुटुंबांना कोणी शिकवावी लागत नाही. ते ज्ञान आजोबा-पणजोबांपासून घरात चालत आलेले असते. परंतु अलीकडे मुलांच्या हट्टापायी शहरातील बाजारातून एक नवाच प्राणी कित्येक घरांत येऊन राहिला आहे, आणि त्याच्याविषयी वडीलधाऱ्यांना विचारावे तर तीही बिचारी निरुत्तर होतात. हा प्राणी म्हणजे गिनी पिग. सशाहून लहान, उंदराहून मोठा, बिनशेपटीचा, अंगाने गुबगुबीत आणि स्वभावाने भित्रा. सकाळी घरात कोणाच्या पावलांची चाहूल लागली की हा शीळ घालून आपला चारा मागतो, आणि त्या एका शिळेने तो साऱ्या घराचा लाडका होऊन बसतो.

मग एके दिवशी पाहावे तो काय, हा जीव पुढच्या दोन पायांवर अंग ओढीत पुढे येतो आहे आणि मागचे दोन्ही पाय भुईवर फरपटत आहेत. घरात एकच गोंधळ उडतो. मुले रडू लागतात. कोणी म्हणते, ह्याच्या अंगावरून वारे गेले. कोणी म्हणते, रात्री मांजराने धरले असेल. अशा वेळी बहुधा दोहोंपैकी एक गोष्ट होते. एक तर त्याला ओढ्यापलीकडे झुडपात सोडून देतात, म्हणजे घारींच्या आणि कुत्र्यांच्या स्वाधीन करतात. नाहीतर कोपऱ्यातील खोक्यात ठेवून ‘जगला तर जगला’ असे म्हणून दूध-भात पुढे करतात, आणि तीन-चार दिवसांत तो मरतो. ह्या दोन्ही गोष्टी निर्दयपणाने होतात असे आम्हांस वाटत नाही. त्या होतात त्या माहिती नसल्यामुळे.

म्हणून ह्या विषयावर जरा विस्ताराने लिहावयाचे आम्ही योजिले आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे की, लुळे दिसणारे पाय प्रत्येक वेळी लुळे नसतात. आणि ते खरोखर लुळे पडले तरी ह्या जनावराचे जगणे पायांवर तितकेसे अवलंबून नसून खाणे, कोरडेपणा आणि स्वच्छता ह्यांवर अवलंबून असते.

प्रथम हा प्राणी मूळचा कोठला ते पाहू, कारण त्याच्या दुखण्याचे अर्धे मूळ तेथेच आहे. नावात गिनी असले तरी तो आफ्रिकेतील गिनी देशाचा नाही, आणि नावात पिग असले तरी डुकराशी त्याचे काही नाते नाही. दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वताच्या रांगांत, आजच्या पेरू, बोलिव्हिया आणि एक्वादोर ह्या देशांत, हजारो वर्षांपासून तेथील लोक त्याला घरात पाळीत आले. ते त्याला ‘कुय’ म्हणतात आणि आपण कोंबडी खातो तसा तो खातात. पेरू देशातील कुस्को शहराच्या कॅथेड्रलमध्ये प्रभूच्या शेवटच्या भोजनाचे अठराव्या शतकातील एक मोठे चित्र आहे. मार्कोस सापाता ह्या स्थानिक चित्रकाराचे ते काम मानले जाते. त्या चित्रात मेजाच्या मध्यभागी ताटात हाच कुय भाजून ठेवलेला दिसतो! त्या प्रदेशातील लोकांच्या दृष्टीने सणाचे जेवण म्हणजे कुय, तेव्हा चित्रकाराला दुसरे काय सुचणार? सोळाव्या शतकात हा प्राणी जहाजांतून युरोपात गेला, तेथे श्रीमंतांच्या घरी खेळणे होऊन बसला आणि तेथून जगभर पसरला.

डोंगरउतारावरील ओले गवत हा ह्याच्या जातीचा पिढ्यान्‌पिढ्यांचा आहार. अशा गवतात क जीवनसत्त्व भरपूर असते. कुत्रा, गाय, ससा, कोंबडी ही सारी आपल्या शरीरातच क जीवनसत्त्व तयार करतात. माणूस, माकडांच्या बऱ्याच जाती आणि हा गिनी पिग ह्यांना मात्र ते तयार करता येत नाही. ते रोजच्या अन्नातूनच मिळावे लागते, आणि त्याचा मोठा साठाही शरीरात राहत नाही. ही गोष्ट जगाला ठाऊक झाली तीही ह्याच प्राण्यामुळे. नॉर्वेमध्ये आक्सेल होल्स्ट आणि थेओडोर फ्रोलिच हे दोन डॉक्टर खलाशांना जहाजावर होणाऱ्या एका आजाराचा शोध करीत होते. त्यांनी गिनी पिगांना केवळ धान्य व पाव ह्यांवर ठेवून पाहिले, तेव्हा त्यांचे सांधे सुजले, हिरड्यांतून रक्त येऊ लागले आणि ती जनावरे मरू लागली. हा तर खलाशांचा जुना शत्रू स्कर्व्ही! भाजीपाला देताच तो रोग टळू लागला. त्यांचे हे काम १९०७ साली प्रसिद्ध झाले. पुढे हंगेरीतील आल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी ह्यांनी ह्या जीवनसत्त्वाचा छडा लावला, त्याची परीक्षाही गिनी पिगांवरच झाली, आणि सेगेद गावच्या लाल मिरच्यांतून त्यांनी ते भरपूर प्रमाणात वेगळे काढले. १९३७ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज आपली मुले क जीवनसत्त्वाच्या गोळ्या चघळतात, त्यामागे ह्या मुक्या जिवाचे इतके देणे आहे.

आता आपल्या घरी काय होते ते पाहा. दुकानदार गिनी पिगाबरोबर एक पिशवी दाणे देतो. पुष्कळदा ते सशांचे दाणे असतात. ससा आपले क जीवनसत्त्व आपणच तयार करीत असल्यामुळे त्याच्या दाण्यांत ते घालण्याची कोणाला गरज वाटत नाही. खास गिनी पिगाचे दाणे असले तरी ते तयार झाल्यापासून सुमारे तीन महिन्यांत त्यांतील हे जीवनसत्त्व बरेचसे नष्ट होते. दुकानात आणि घरात पिशवी त्याहून अधिक काळ पडून असते. उन्हाळ्यात ओले गवत मिळत नाही. मग दाणे, थोडा भात, पोळीचा तुकडा, एखादे बिस्किट, एवढ्यावर त्याचे दिवस जातात. दोन-तीन आठवड्यांत त्याच्या सांध्यांत आतल्या आत रक्तस्राव होऊ लागतो, पाय ठेवताच कळ येते, आणि तो मागचे पाय हलवीतच नाही. पाहणाऱ्याला वाटते लकवा झाला. वास्तविक पाय गेलेले नसतात. ते दुखत असतात.

खानापूर तालुक्यातील एका घरी आम्ही हे प्रत्यक्ष पाहिले. चौथीतील एका मुलीची चिंगी नावाची मादी पाच दिवस बसल्या जागची हलत नव्हती. आजी म्हणत होती, “अगं, मुक्या जनावराचे हाल का करतेस? बाबाला सांग, सोडून येऊ दे.” मुलीने ऐकले नाही. बेळगावच्या एका पशुवैद्याने तिला हातात घेऊन गुडघे हळूच चाचपले, तेव्हा चिंगी ओरडली आणि तिने पाय आखडून घेतला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: “हिला पेरू देता का?” परसात पेरूचे झाड फळांनी लवलेले होते, आणि चिंगी त्याच्यापासून वीस पावलांवर सशाचे दाणे खात होती. औषध सुरू झाले, पेरू सुरू झाला. चौथ्या दिवशी ती उठून बसली, आणि महिना उलटण्यापूर्वी पुन्हा घरभर धावू लागली. आजीच आता रोज सकाळी तिची फोड कापते.

मात्रेविषयी नेमके सांगितले पाहिजे. मोठ्या गिनी पिगाचे वजन साधारण ७०० ते १२०० ग्रॅम असते. निरोगी असताना त्याला रोज सुमारे १० ते ३० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागते. आजारात डॉक्टर ५० मिलिग्रॅमपर्यंत, प्रसंगी त्याहूनही अधिक देतात. औषधाच्या दुकानातील ५०० मिलिग्रॅमची गोळी बारीक कुटून १० मिलिलिटर पाण्यात विरघळवली तर त्या पाण्याच्या दर मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम येते. सुई काढून टाकलेल्या लहान सिरिंजने ते तोंडाच्या बाजूने, दातांच्या मागल्या फटीत, थेंब थेंब द्यावे. हे पाणी रोज ताजे करावे. पिण्याच्या बाटलीत औषध टाकून ठेवणे व्यर्थ आहे. उजेडाने आणि हवेने ते निकामी होते, आणि चव बदलल्यामुळे जनावर पाणीच सोडते. निरनिराळी जीवनसत्त्वे एकत्र केलेल्या गोळ्या मात्र देऊ नयेत, कारण त्यांतील अ आणि ड जीवनसत्त्वे अधिक झाल्यास अपाय करतात. औषधाशिवाय द्यावयाचे तर आपला पेरू सर्वांत उत्तम: १०० ग्रॅम गरात २०० मिलिग्रॅमहून अधिक क जीवनसत्त्व असते, म्हणजे बोटाएवढी एक फोड दिवसाला पुरे. अधिक दिल्यास साखरेने पोट बिघडते. ढोबळी मिरचीची एक फाक आणि कोथिंबिरीच्या चार काड्या ह्याही चांगल्या. (पेरू हे फळही अमेरिकेतूनच आपल्याकडे आले, पोर्तुगीजांच्या जहाजांतून. त्याचे आपल्याकडील नावही पेरू देशावरून नव्हे तर पोर्तुगीज भाषेतून आले असे मानतात. पण ह्या दोघांची गाठ आपल्या परसात पडावी ही मौजच म्हणावयाची.)

आता दुसऱ्या कारणांकडे वळू. खरोखर पाय लुळे पडतात ते बहुधा कण्याला मार लागल्याने. मूल उभे राहून गिनी पिगाला कवेत घेते, तो दचकून उसळी मारतो आणि फरशीवर पडतो. त्याचा कणा लांबट, हाडे नाजूक. म्हणून आमची मुलांना पहिली सूचना अशी की, त्याला घ्यावयाचे तर खाली बसून घ्यावे, एक हात छातीखाली आणि दुसरा ढुंगणाखाली असावा. मार लागल्याचा संशय असेल तर त्याला उचलून नाचवू नये, चालवून पाहू नये. तळाशी मऊ कापड घातलेल्या लहान खोक्यात ठेवून तसाच डॉक्टरांकडे न्यावा. गाभण मादी शेवटच्या दिवसांत अथवा व्याल्यावर एकाएकी गळून पडली तर ती वेगळीच आणि तातडीची गोष्ट होय. तिथे सकाळची वाट पाहू नये. मूतखड्याच्या वेदनेनेही जनावर मागचा भाग उचलीत नाही. म्हातारपणी सांधे धरतात. ही कारणे घरी बसून ओळखता येत नाहीत. एक परीक्षा मात्र कोणीही करू शकेल: मागच्या पायाचे बोट नखांनी हलकेच चिमटावे. जनावराने मान वळवून पाहिले अथवा ते ओरडले, तर संवेदना शाबूत आहे आणि आशेला जागा आहे. नुसता पाय आखडला, पण जनावराला त्याचा पत्ताच नाही, तर ते फारसे चांगले लक्षण नव्हे.

गावच्या गुरांच्या दवाखान्यात गिनी पिग क्वचितच येतो, ही अडचण खरी आहे. इंदूरजवळ महू येथे, वडोदऱ्याजवळ आणंद येथे आणि हैदराबादेत राजेंद्रनगर येथे पशुवैद्यक महाविद्यालये आहेत; त्या बाजूच्या वाचकांनी तेथे चौकशी करावी. जेथे जाल तेथे एक गोष्ट मात्र न संकोचता विचारा: “डॉक्टरसाहेब, हे इंजेक्शन गिनी पिगाला चालते ना?” कारण गाय-कुत्र्यांना जीवदान देणारे पेनिसिलिन आणि त्याच्या जातीची अँपिसिलिन, अमॉक्सिसिलिन ही औषधे, तसेच लिंकोमायसिन व क्लिंडामायसिन, ह्या प्राण्याला विषासमान ठरतात. त्यांनी त्याच्या आतड्यांतील उपकारक जंतू मरतात, घातक जंतू माजतात आणि काही दिवसांत जनावर दगावते. १९४३ सालीच हे अमेरिकेतील संशोधकांच्या ध्यानात आले होते. १९४० साली ऑक्सफर्ड येथे फ्लोरी ह्यांनी पेनिसिलिनची पहिली मोठी परीक्षा आठ उंदरांवर घेतली. ती गिनी पिगांवर घेतली असती तर कदाचित ते औषध तेव्हाच बाजूला पडले असते. माणसांच्या दुखण्याच्या गोळ्यांचा चुरा करून देण्याचा मोहही आवरावा. वेदनेवर द्यावयाचे औषध आणि त्याची मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी.

कण्याला मार असेल तर पहिले काही आठवडे पूर्ण विश्रांती हेच मुख्य औषध. आणि मग येते ती खरी शुश्रूषा. ती अवघड नाही, परंतु नित्याची आहे. रविवार नाही, सण नाही.

पाय लुळे पडलेले जनावर स्वतःच्या मुताखालून सरकू शकत नाही. त्याची कातडी पातळ. काही तासांत ती लाल होते, मग केस झडतात, मग जखम होते. आमच्या मते अपंग गिनी पिग लकव्याने मरत नाही, ह्या ओलाव्याने मरतो. म्हणून त्याच्या अंथरुणाचा विचार पायांच्या औषधाइतकाच आस्थेने करावा. लाकडाचा भुसा, भाताचे तूस आणि पेंढा ही तिन्ही ह्या कामी नकोत. भुसा व तूस ओल्या अंगाला चिकटतात, पेंढा टोचतो आणि मूत शोषून घेत नाही. तळाशी जुन्या पंचाच्या अथवा टॉवेलाच्या दोन-तीन घड्या घालाव्या आणि त्यांवर बाजारात मिळणारे फ्लीसचे मऊ कापड पसरावे. त्या कापडातून मूत खाली झिरपते आणि वरची बाजू बरीच कोरडी राहते. दिवसातून दोनदा तरी, शक्य तर तीनदा, हे अंथरूण बदलावे. तीन संच शिवून ठेवले म्हणजे एक अंगाखाली, एक दोरीवर आणि एक घडी करून तयार राहतो. पावसाळ्यात आणखी दोन लागतील. धुताना साबणाचा अंश राहू देऊ नये.

रोज सकाळ-संध्याकाळ त्याचा मागचा भाग कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्याने पुसून दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपावा. चोळू नये. पोटाखालचे लांब केस कातरून टाकावे. अंगावर पावडर टाकू नये, कारण तिचे गोळे होऊन जखम होते. आणि माणसांची मलमे लावू नयेत, कारण जनावर ती चाटते. नरांच्या बाबतीत गुदद्वारापाशी एक कातडीची घडी असते, तीत लेंड्या व घाण साचते. ती आठवड्यातून दोन-तीनदा कोमट पाण्याने भिजवून, खोबरेल तेलाचे बोट लावून हलकेच मोकळी करावी.

लघवी होत आहे की नाही, हे पाहणे त्याहून महत्त्वाचे. काही रुग्णांचा मूत्राशय आपोआप रिकामा होत नाही. तो लिंबासारखा टणक लागतो आणि मूत थेंब थेंब ठिबकत राहते. तो हाताने हळूच दाबून दिवसातून तीनदा रिकामा करावा लागतो. हे वाचून कोणी करू जाऊ नये. डॉक्टरांकडून समोर बसून शिकावे, कारण अधिक दाब दिला तर मूत्राशय फुटतो. ह्या प्राण्याचे मूत एरवीही गढूळ, पांढरट असते, त्याने घाबरू नये. तांबडे दिसले तर मात्र दाखवावे.

माशीविषयी खेड्यातील माणसाला अधिक सांगावयास नको. गुरांच्या जखमेत किडे पडलेले आपण सर्वांनी पाहिले आहे. तीच माशी घाणीने माखलेल्या गिनी पिगाच्या केसांत अंडी घालते, आणि दिवसभराच्या आत अळ्या होतात. इतक्या लहान जिवाला त्या एका-दोन दिवसांत खाऊन टाकतात. पिंजऱ्यावर मच्छरदाणीचा तुकडा ताणून बांधावा आणि पावसाळ्यात दिवसातून दोनदा त्याला उताणा न करता, किंचित तिरपा धरून मागचा भाग पाहावा. अळी दिसली तर टर्पेंटाइन, रॉकेल अथवा फिनाइल हे गुरांवरचे उपाय येथे करू नयेत. दिसतील तितक्या चिमट्याने काढून तडक डॉक्टरांकडे जावे.

एक गोष्ट वाचून काही वाचकांना किळस येईल, परंतु ती सांगितल्यावाचून गत्यंतर नाही. गिनी पिग दोन प्रकारच्या लेंड्या टाकतो. एक कोरड्या, ज्या आपण झाडून टाकतो. दुसऱ्या मऊ, ज्या तो मान वाकवून थेट तोंडात घेतो व गिळतो. त्यांतून त्याला ब जीवनसत्त्वे आणि प्रथिने मिळतात. त्याच्या पचनाचा तो आवश्यक भाग आहे. कणा दुखावलेल्या जनावराला वाकता येत नाही, आणि चांगले खाऊनही ते खंगत जाते. अशा वेळी मागून निघालेली मऊ, ओलसर लेंडी ताजी असतानाच चिमट्याने उचलून त्याच्या तोंडापाशी धरावी. ते बहुधा झडप घालून घेते.

अन्नपाणी जागच्या जागी मिळावे. पाण्याची बाटली खाली, त्याच्या नाकाच्या उंचीवर बांधावी, आणि शिवाय एक उथळ जड वाटी ठेवावी. त्याच्या जेवणातील मुख्य वस्तू गवत हीच. वाळलेले गवत अष्टौप्रहर तोंडासमोर असावे, कारण त्याचे दात जन्मभर वाढत राहतात आणि गवत चावण्यानेच ते झिजतात. पावसाळा सरल्यावर कापलेले, सावलीत वाळवलेले, बुरशी न लागलेले गवत त्याला उत्तम. हरळीही त्याला आवडते. मात्र ती औषध फवारलेल्या बांधावरची नको. लसूणघास पिलांना व गाभणींना ठीक, मोठ्यांना त्यातील चुन्याने मूतखडा होण्याची भीती. कांदा, लसूण, बटाटा, भात, पाव, गूळ, दूध ही देऊ नयेत. दूध-भात ही आपली आजाऱ्याची जेवणे. ती गवत खाणाऱ्याची नव्हेत.

ह्या प्राण्याने दिवसभर काही खाल्ले नाही तर त्याची आतडी थंडावतात आणि मग ती पुन्हा सुरू करणे कठीण जाते. म्हणून स्वयंपाकघरातील तराजूवर त्याला रोज एकाच वेळी तोलावे आणि आकडा भिंतीवरच्या दिनदर्शिकेत लिहावा. मुलांना हे काम फार आवडते. दोन-तीन दिवसांत ५० ग्रॅम घट झाली तर ती किरकोळ समजू नये. खाणे सोडले असेल तर त्याचे दाणे कोमट पाण्यात भिजवून, कुसकरून, पातळ लापशीसारखे करून सिरिंजने थोडे थोडे, दिवसातून चार-पाच वेळा भरवावे. घाई केली तर घास श्वासनलिकेत जातो.

विश्रांतीचा काळ संपल्यावर आणि डॉक्टरांनी होकार दिल्यावर पायांना व्यायाम द्यावा. मागचा पाय हातात घेऊन प्रत्येक सांधा हळूहळू वाकवावा व सरळ करावा, आठ-दहा वेळा, दिवसातून दोनदा. परातीत कोमट पाणी घेऊन, छातीखाली हात धरून त्याला चार-पाच मिनिटे तरंगत ठेवले तर पुष्कळदा कोरड्या जमिनीवर न हलणारे पायही पाण्यात हलतात. नंतर त्याला अगदी कोरडे करावे. न वापरलेल्या पायांची नखे फार वाढतात, ती कापावी. पुढच्या तळव्यांवर सारा भार येतो, तेथे घट्टे व फोड पाहावे. दोन चाकांच्या छोट्या गाड्या करून मागचा भाग त्यांवर ठेवण्याची युक्ती काही हौशी लोक करतात. काही जनावरे त्यावर आनंदाने हिंडतात, काही पट्ट्यांनी भिऊन थिजतात. आमच्या मते स्वच्छता साधण्यापूर्वी गाडीच्या नादी लागू नये.

हा कळपात राहणारा प्राणी आहे. दुखणाईताला एकटे कोपऱ्यात ठेवले तर तो खाणे सोडतो. सोबती शांत स्वभावाचा असेल तर दोघांना एकत्र ठेवावे, नाहीतर मध्ये जाळी लावून शेजारी तरी. उन्हाळ्यात, विशेषतः हैदराबाद-ग्वाल्हेरकडच्या वाचकांनी, लक्षात ठेवावे की ३० अंशांच्या वर हा प्राणी घाबराघुबरा होतो, आणि अपंगाला सावलीकडे सरकताही येत नाही. खोलीतील सर्वांत थंड फरशी त्याची, आणि शेजारी पाण्याने भरलेले मातीचे मडके.

खर्चाचा प्रश्न घरोघर निघतो. मुलांच्या फीचे पैसे द्यावयाचे असताना उंदराएवढ्या जिवाचा एक्स-रे काढावा काय? जेथे ऐपत नाही तेथे तो न काढणे ह्यात काही पाप नाही. जुने टॉवेल, गवत, पेरू आणि दिवसाचा तासभर वेळ एवढे मात्र बहुतेक घरांना परवडते, आणि ह्या दुखण्यात एवढ्यावरच पुष्कळसे भागते.

वडोदऱ्यातील एका मराठी कुटुंबात मुलाच्या हातून पडलेला एक नर असा चौदा महिने जगला. त्याचे पाय शेवटपर्यंत परत आले नाहीत. घरातील आई आणि थोरला मुलगा पाळीपाळीने त्याचे अंथरूण बदलीत. मुलाच्या परीक्षेच्या दिवसांत वडिलांनी ते काम केले. तो पुढच्या पायांनी खोलीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत झरझर जाई, आणि स्वयंपाकघरात सुरीचा आवाज झाला की शीळ घाली. पुढे मूत्राशयाला वारंवार सूज येऊ लागली. औषधाने ती उतरेनाशी झाली, तो दात खात आणि अंग चोरून बसून राहू लागला, आणि एके दिवशी त्याने पेरूची फोडही बाजूला सारली. दात खाणे आणि आवडीचा घास नाकारणे ही दोन्ही वेदनेची खूण असते, हे त्या बाईंना डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवले होते. त्या दिवशी त्यांनी मुलाला जवळ बसवून सर्व समजावून सांगितले आणि संध्याकाळी दोघे त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी आधी गुंगीचे औषध देऊन मग त्याला शांतपणे झोपविले. मुलाचा हात त्याच्या पाठीवर होता. त्याची सोबतीण अजून त्या घरी आहे. ती एकटी राहू नये म्हणून नाताळच्या सुट्टीत दुसरी एक मादी आणावयाचे त्यांनी ठरविले आहे, आणि ह्या वेळी पिंजरा जमिनीवरच राहील असे मुलानेच सांगितले आहे.